अण्णांचा रविवारचा बिघाड

विश्वनाथअण्णांच्या लॅपटॉपवर एकही चित्र नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बस्स. माऊस नाही, रंग नाहीत, काही नाही. आमच्या मंठाळ गावात बाकीच्यांच्या पडद्यावर नातवंडं असतात, देव असतात, गेला बाजार एखादा धबधबा तरी असतो. मी एकदा म्हटलं, "अण्णा, निदान गणपती तरी बसवा." तर म्हणाले, "अक्का, गणपती बसवायला बी मेमरी लागती. म्हाताऱ्यावर कामून बोजा टाकायचा?"

म्हातारा म्हणजे लॅपटॉप. मुलगा प्रशांत इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घेतलेला. आता त्याची बिजागरी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलीय, बॅटरी कधीच गेलीय आणि एक कळ निघाली तिथं शर्टाचं बटण चिकटवलंय. नवं काही त्याच्यावर चालेनाच. म्हणून जर्मनीला जाण्याआधी प्रशांतनं त्यात युनिक्सच्या कुळातली एक हलकी प्रणाली घालून दिली. अण्णा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, घरात एकटे. त्यांनी त्या प्रणालीचा असा फडशा पाडला की विचारू नका.

"लागतंय तेवढंच ठिवा, बाकीचं उतरवा," हा त्यांचा मंत्र. तो लॅपटॉपपुरता असता तर मी बोलले नसते. पण हा माणूस लग्नाला जाताना टॉवेलसुद्धा अर्धा कापून नेतो! त्यांच्या निरोप समारंभाला सगळं गाव भाषण ऐकायला जमलं होतं. अण्णा उठले, "शिकवलं. चुकलं असंल तर माफ करा," म्हणाले आणि खाली बसले. अध्यक्षांच्या हातातला हार तसाच राहिला.

गावातले मेलेले लॅपटॉप त्यांच्याकडे येतात. आमच्या शाळेतला तर दोनदा गेला. अण्णा त्यातलं नको ते सगळं उतरवतात आणि मढं उठून चालायला लागतं. असा हा हुशार माणूस, पण स्वतःचा लॅपटॉप मात्र दर रविवारी बिघडायचा. कधी छपाई होईना, कधी आवाज बंद, कधी घड्याळच उलटं. मग सकाळी अकराला प्रशांत जर्मनीत बसून इंटरनेटवरून त्यात शिरायचा आणि दुरुस्त करायचा. अण्णा तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसायचे.

मला बाई दया आली. आणि मला कुठलं गप्प बसवतंय! प्रशांत शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला. सरळ फोन लावला. "अरे, बाप दर आठवड्याला अडून बसायलाय. एक नवा लॅपटॉप घेऊन दे की!" तो म्हणाला, "मागवतो, बाई."

शनिवारी संध्याकाळी ही बातमी सांगायला मी मोठ्या तोऱ्यात गेले. अण्णा कसलीशी फाईल उघडून बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका शब्दातलं एक अक्षर खोडलं, फाईल सेव्ह केली आणि समाधानानं हात झटकले. "झालं. आता प्रिंट निघायची न्हाई."

"अण्णा! मुद्दाम बिघडवायलाव व्हय?"

ते शाळेतल्या पोरासारखे ओशाळले. मग हळूच म्हणाले, "नीट चाललं तर तो येतोय कशाला, अक्का? फोनवर आमची दोन वाक्यं होत न्हाईत. मी बी घुम्या, तो बी घुम्या. हितं मातर बोलतंय लेकरू."

आता नव्याची बातमी कोणत्या तोंडानं सांगायची? पण सांगितली. अण्णांचा चेहराच उतरला. "नवा बिघडतोय कवा?" एवढंच म्हणाले. मी लाजेनं अर्धी झाले.

दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आपणच घोळ घातलाय, निस्तरायला नको? पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. अण्णांनी मला समजावलं: ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देतं. ती माणसानं माणसासाठी लिहिलेली असते. बापलेक तसल्याच ओळींत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून बोलत होते.

# हरभरा कसा आहे?

# फुलात आलाय.

# गुडघा?

# हाय आपला.

मध्येच प्रशांत एखादी खरी आज्ञा द्यायचा आणि पुन्हा हॅश. असं चांगलं पाऊण तास चाललं. मग ओळ आली:

# नवा लॅपटॉप मंगळवारी पोचेल.

अण्णांची बोटं जागीच थांबली. मी म्हटलं, "खरं ते सांगून टाका, अण्णा. नाहीतर मी सांगते." त्यांनी एकेक कळ दाबत लिहिलं:

# मी मुद्दाम बिघडवत होतो.

पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

# माहीत आहे अण्णा. काम दोन मिनिटांचं असतं. मी तास लावतो.

आणि त्याखाली:

# नवा रद्द करतो.

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि घाईघाईनं लिहिलं, "कधी येतोस". हॅश द्यायचा राहूनच गेला. यंत्रानं फटकन सांगितलं, अशी कुठली आज्ञा सापडत नाही. ही चूक काही मुद्दाम केलेली नव्हती. अण्णा गडबडून ती सुधारायला गेले, तोवर खाली ओळ उमटलीसुद्धा.

# मला कळलं. येळवशीला येतो.

येळवस म्हणजे आमच्याकडं अख्खं गाव रानात जाऊन जेवतं तो दिवस. प्रशांत जर्मनीला गेल्यापासून अण्णा त्या दिवशी रानाकडं फिरकलेच नव्हते.