बनसोडे अण्णांचा मुका लॅपटॉप

वस्तू बिघडली की बनसोडे अण्णा आधी तिच्यावर उलटा हात ठेवत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग जाहीर करत, "ऊब हाय. म्हंजे जित्ती हाय."

अण्णा कुपवाडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांची-आमची भिंत एकच. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू चाले, पण स्वतःच्या अटींवर. रेडिओ पालथा घातला तरच गायचा. पंख्याला छत्रीने ढोसावं लागे. भंगारवाला साऱ्या गल्लीतून माल घ्यायचा, अण्णांना मात्र विकायचा.

"मिक्सरची भांडी आणल्यात," काकू सांगायच्या. "मिक्सर कुठाय म्हणलं, तर म्हणतात, यील की मागनं."

एका ठिकाणी मात्र अण्णांचा हात चालत नव्हता. मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला. तो आला की बापलेकाचं बोलणं दोन वाक्यांत आटपे. "कवा आलास?" आणि "कवा जाणार?" हळूहळू तो दिवाळीपुरताच येऊ लागला.

एका दिवाळीला त्याने पडदा फुटलेला एक लॅपटॉप आणला. जाताना आईला म्हणाला, "भंगारात घाल." अण्णांनी बटण दाबलं, हात ठेवला. "ऊब हाय."

मी बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. सांगलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. तेव्हा हे काम माझंच, असं मी धरून चाललो. अण्णांनी फुटकं झाकण स्क्रू काढून वेगळं केलं. मी क्लासमधला जुना मॉनिटर आणून मागे जोडला. आतलं विंडोज पार कोलमडलेलं होतं, म्हणून मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली.

"चित्र न्हाई व्हय रं ह्यात?"

"आहे अण्णा. पण मागितलं तरच येतं."

"मग आपल्यातलंच हाय."

सगळं चाललं, आवाज तेवढा येईना. अण्णांनी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. "तुजं यंत्र उठलंय गड्या. पर मुकं हाय." पलीकडून मिलिंदने बरंच काही विचारलं असावं. अण्णा बूथमधून कपाळ पुसत, हसत बाहेर आले.

चार दिवस डोकं खाजवून मला आवाजाची मेख सापडली. लॅपटॉप खणखणीत वाजला. मी अण्णांकडे पाहिलं. माणूस घाबरलेला.

"गप कर त्याला. आदी गप कर."

"अहो, पण का?"

"शनवारी मिलिंद येतोय. आवाज काढाय."

मी केलेलं सगळं पुसून टाकलं.

शनिवारी भिंतीपलीकडून दिवसभर बोलणं ऐकू येत होतं. "अण्णा, ही वायर धरा." "धरली. आता ह्ये काय?" "सांगितलं की मघाशी." "परत सांग." रविवारी दुपारी लॅपटॉप बोलला, आणि संध्याकाळच्या गाडीने मिलिंद गेला.

सोमवारी गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली. अण्णा अनवाणीच बाहेर धावले.

"प्रिंटर हाय का रं? आन् हे बघ, चालू असला तर नको."