कासवतात्यांनी पाहिलेला सिनेमा

एका जंगलात टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग रसिक आले. त्याआधी तिथे नुसते प्राणी राहायचे.

टीव्ही मोठ्या उंबराखाली ठेवला होता. त्यावर एकच चॅनेल दिसायचं आणि ते एक तरस चालवायचा. दर रविवारी दुपारी तो जुना सिनेमा लावायचा. जुना म्हणजे ‘सिंहाची शपथ’. मागच्या रविवारी ‘सिंहाची शपथ’ आणि पुढच्या रविवारीही तोच. हरणांची पाडसं नीट उभी राहायच्या आधी त्यातले संवाद म्हणायची.

साध्या प्राण्यांना याचं काही वाटत नव्हतं. सिंहाला तर मुळीच नाही. पण मुलांनो, रसिकाचं तसं नसतं. त्याला जे लागलंय ते आवडत नाही आणि जे आवडतं ते कधी लागत नाही. म्हणून त्यांनी दुर्मीळ चित्रपट रसिक मंडळ काढलं. साळूबाई साळिंदर सेक्रेटरी झाल्या. ढोकमास्तर माळढोक उपाध्यक्ष झाले. ते स्वतःच इतके दुर्मीळ होते, की सभेला आले की सगळे आधी त्यांनाच बघून घ्यायचे.

अध्यक्ष होते कासवतात्या. कारण ‘पाणवठ्याची राणी’ हा सिनेमा अख्ख्या जंगलात एकट्या तात्यांनी पाहिला होता.

“अशी राणी पुन्हा होणे नाही,” तात्या सुरू करायचे. मग ती चितळ राणी सगळ्यांना पाणवठा कसा खुला करते, दुष्ट मगर कशी वर येते, राणी तिला गाण्याच्या जुगलबंदीत कशी हरवते आणि शेवटी काळवीट राजकुमाराशी तिचं लग्न कसं लागतं, ते सगळं रंगवून सांगायचे. पूर्वी त्या लग्नात दोन हत्ती फुलं उधळायचे. अलीकडे हत्तींचा कळप यायला लागला होता.

आता एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो, मंडळात बोलू नका. तात्या लहान असताना आईबरोबर जत्रेच्या तंबूत तो सिनेमा बघायला गेले होते. मध्यंतरापर्यंत सगळं छान चाललं. मध्यंतरानंतर मगरीने जबडा उघडला आणि तात्यांनी मान आत घेतली. ती बाहेर काढली, तेव्हा सिनेमा संपला होता आणि माकडं तंबूचे दोर सोडत होती.

उरलेला सिनेमा त्यांनी आतून ऐकला. एक वाद्य वाजत होतं, ते थांबलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग अख्खा तंबू मुसमुसायला लागला. आईसुद्धा. घर येईपर्यंत तिचे डोळे पुसून होईनात.

“काय झालं गं शेवटी?” तात्यांनी विचारलं.

“असं सांगून नाही कळत, बाळा. बघायला हवं होतंस.”

पुढे आई गेली. आपली आई कशाने रडली, ते एकदा बघायचं, एवढीच तात्यांची इच्छा राहिली. जुगलबंदी, लग्न आणि हत्ती ही नंतरची भर. कोणीतरी शेवट विचारला आणि नाही म्हणायची लाज वाटली. पुढे टाळ्या पडायला लागल्या, मग लाजही वाटेनाशी झाली.

एके दिवशी मंडळाने चॅनेलवर मोर्चा नेला. “सिंहाची शपथ पुरे, पाणवठ्याची राणी लावा!” तरस हसला. तो नेहमीच हसायचा, त्यामुळे मागणी मान्य झाली की नाही, ते कोणाला कळेना. पण त्याने गोदाम उपसलं, धुळीने माखलेली रिळं काढली आणि येत्या रविवारी ‘पाणवठ्याची राणी’ लागेल असं जाहीर केलं.

मंडळ नाचलं. तात्या मात्र नाचले नाहीत. सिनेमा दिसला की आपलं अध्यक्षपद गेलं, हे त्यांना दिसत होतं. तरी आतून बरं वाटत होतं. गेलं तर जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं. या खेपेला मान आत घ्यायची नाही.

रविवारी सगळे उंबराखाली जमले. सिनेमा सुरू झाला.

“तात्या, तुम्ही सांगितलंत अगदी तस्संच आहे हो,” साळूबाई मध्यंतरात म्हणाल्या.

मध्यंतर संपलं. मगरीचा जबडा उघडला. तात्यांनी उंबराचं एक मूळ दातांत, म्हणजे कासवाला जे काही असतं त्यात, घट्ट धरलं. मान आत जायला बघत होती, पण गेली नाही. पडद्यावर राणी एकटीच पाण्याकडे चालू लागली. ती गात नव्हती.

“जुगलबंदी कुठाय?” ढोकमास्तरांनी विचारलं.

“हत्ती कुठं आहेत?” गवा म्हणाला.

“कापलाय,” साळूबाई उठल्या. “मेल्याने सिनेमा कापलाय. ही बनावट प्रत आहे.”

“उं, उं,” तात्या म्हणाले. तोंडात मूळ होतं.

“बघा, धक्क्याने शब्दसुद्धा फुटत नाहीये. चला, आत्ताच्या आत्ता जाब विचारू.”

गव्याने तात्यांना उचलून पाठीवर टाकलं. मुळाचा तुकडा तोंडातच राहिला. घाईत ते उलटे पडले होते, त्यामुळे त्यांना वाटभर आभाळ तेवढं दिसलं. मागे एक वाद्य वाजत होतं, ते थांबलं. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. एवढा भाग तात्यांच्या ओळखीचा होता.

मोर्चा चॅनेलच्या गुहेत शिरला. सिनेमा नुकताच संपला होता. तरस तिथल्या छोट्या टीव्हीपुढे बसून हमसून हमसून रडत होता. असं जंगलाने कधी पाहिलं नव्हतं.

तात्यांनी मूळ थुंकलं. “शेवटी काय झालं हो?” त्यांनी विचारलं.

“असं सांगून नाही कळत,” तरस म्हणाला. “बघायला हवं होतंत.”

“तात्यांची थट्टा करतोस?” ढोकमास्तर संतापले. “त्यांनी शेवट कधीच पाहिलाय.”

“नाही हो, मी नाही पाहिला,” तात्या कळवळून म्हणाले.

“ऐकलंत?” साळूबाई सगळ्यांकडे वळल्या. “हा शेवट तात्या मानायलाच तयार नाहीत.”

टाळ्या पडल्या. ही बनावट प्रत पुन्हा कधीही दाखवू नये, असा ठराव झाला. तरसाने डोळे पुसले आणि ठराव लगेच मान्य केला. रिळं गोदामात गेली. पुढच्या रविवारी ‘सिंहाची शपथ’ लागणार, हेही ठरलं.

परतल्यावर सगळे उंबराखाली टेकले. “तात्या, आता खरा शेवट सांगा,” साळूबाई म्हणाल्या. “तेवढंच मनाला बरं वाटेल.”

तात्यांनी सांगितला. जुगलबंदी झाली, लग्न लागलं, हत्तींचा कळप आला. फक्त या खेपेला अक्षता पडताना राणी रडली. ती का रडली, असं गव्याने विचारलं. तात्यांनी मान आत घेतली.

तात्पर्य: मुलांनो, जुना सिनेमा दाखवा म्हणून जरूर हट्ट धरावा, पण दाखवलाच तर फसू नये. तो बरोबर आहे की नाही, याची खात्री ज्याने तो पाहिलेला नाही त्याच्याकडूनच करून घ्यावी.