मनवरकाकांची ब्याकशेंग

दर रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीच्या टोकाला राहणारे मनवरकाका आमच्या दारात येऊन उभे राहायचे. अंगात बंडी, हातात पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला गरम पत्र्याचा डबा. आत यायचे नाहीत. आधी हजेरी घ्यायचे.

"आजी बसल्या?"

"बसल्या." माझ्या सासूबाई पाटावरूनच सांगायच्या.

"संगीता?"

"बसली, काका." ही माझी नणंद. तिला हसू आवरायचं नाही.

"दिलीप?"

दिलीप, म्हणजे माझे यजमान, नुसतंच "हो" म्हणायचे.

"अन मास्तरीनबाई, तुम्ही काहून उभ्या? बसा. मंग देतो."

आता मी बसले तर डबा घेणार कोण? हे मी त्यांना शंभरदा समजावलं असेल. पण त्यांचा कायदा पक्का होता. घरातली सगळी माणसं एका वेळी ताटावर बसल्याशिवाय डबा हातातून सुटायचा नाही. शेवटी मी बसल्यासारखं करायची, ते दिल्यासारखं करायचे, आणि मधल्या मध्ये माझा हात पोळायचा.

त्या डब्यात असायची ब्याकशेंग.

मनवरकाका आमच्या दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. तरुणपणी तिथं मशीन बसवायला कोणी परदेशी शिकलेला इंजिनिअर सहकुटुंब येऊन राहिला होता. त्याच्या बायकोनं एकदा फरसबीच्या शेंगा भट्टीत भाजून काकांना खाऊ घातल्या. काकांच्या डोक्यात त्या कायमच्या बसल्या. 'बेक' या शब्दाचं त्यांनी 'ब्याक' केलं आणि पदार्थाचं नाव पडलं ब्याकशेंग. भट्टी म्हणजे ऑइलचा जुना ड्रम आडवा करून, त्याला बिजागऱ्यांचं दार बसवलेलं. खाली पऱ्हाट्यांचा निखारा, वर पत्र्यावर निखारा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. आमच्याकडं तिला तोटा नाही. डब्यात शेंगा, बटाट्याच्या चकत्या, कांदा, लसूण, शेंगदाण्याचा जाडसर कूट, वरून घट्ट साय आणि सगळ्यांत वर चहाबरोबर खातो त्या टोस्टचा चुरा. तो लालसर खरपूस झाला की काका ड्रमचं दार उघडायचे. त्याआधी कोणी हात लावला तर, "वाफ पळून जाईन ना! ते का तुमच्या बापाची नोकर हाय?"

खायला ती सुरेख लागायची, हे मला कबूल आहे. दोन भाकरींवर तिसरी जायची.

पण त्या आधी शेंगा मोडण्याचा समारंभ असायचा. काका विळी वापरू देत नसत. "शेंग हातानं मोडा. कटकन आवाज आला पायजे. वाकली ते शेंग नाही, रबर हाय." दोन किलो शेंगा अशा मोडायला तास-दीड तास लागायचा, आणि त्यासाठी ते रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून ओट्यावर बसवायचे. खरं सांगते, मला याचा राग यायचा. रिकामटेकडा म्हातारा दुसऱ्यालाही रिकामटेकडं करतो, असं मी शाळेत आमच्या बायांना नक्कल करून सांगत असे. नक्कल चांगली करायची मी. बाया पोट धरून हसायच्या.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची होती. भाव नव्हता, बोंडअळी होती, गावातली एकेक जिनिंग बंद पडत होती. सकाळचा भोंगा वाजेनासा झाला तेव्हा कित्येक दिवस लोकांना वेळच कळायची नाही. काकांची नोकरी आधीच संपली होती. दिलीप त्याच जिनिंगमध्ये गाठींवर सुपरवायझर होते, त्यांची चालू होती. निदान मला तसं वाटत होतं. रोज सकाळी नऊला डबा घेऊन निघायचे, सहाला परत यायचे. डबा घासूनपुसून यायचा. मी म्हटलं, चला, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर का होईना, माणूस शहाणा झाला.

आधी काकांची ब्याकशेंग गल्लीत पाळीपाळीनं जायची. या रविवारी एका घरी, पुढच्या रविवारी दुसऱ्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र ती दर रविवारी आमच्याचकडे येऊ लागली. शेजारणी टोमणे मारू लागल्या. मी काकांना म्हटलं, "काका, आमच्यावरच एवढी मेहेरबानी का?"

ते म्हणाले, "तुमच्या घरची भाकर चांगली हाय, मास्तरीनबाई."

आमची भाकर ते कधी खात नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दिवाळीनंतर संगीताला पाहायला पुसदचे पाहुणे आले. मुलाचे आईवडील. मुलगा पुढच्या खेपेला येणार होता. रविवारच होता. मी चार दिवस आधीपासून घर घासत होते. शेजारून स्टीलची ताटं आणली, खुर्च्यांना नवे अभ्रे घातले. दिलीपना पाच वाजता आइस्क्रीम आणायला पाठवलं. सात वाजत आले तरी पत्ता नाही. पाहुणे सारखे विचारत होते, "मुलीचे भाऊ दिसत नाहीत?" मी म्हणत होते, "येतीलच. जिनिंगचं काम, सीझन आहे ना."

तेवढ्यात दारात काका. तीच बंडी, कोपरापर्यंत काजळी, तोच काळा डबा. आज येऊ नका म्हणून सांगायचं मी विसरले होते.

"आजी बसल्या?" हजेरी सुरू झाली. "संगीता? पाहुणे किती? दोन. बरं. दिलीप?"

"बाहेर गेलेत," मी दारात आडवी होत म्हटलं. "द्या इकडे."

"कवाचा गेला?"

"काका, द्या ना डबा."

"कवाचा गेला, ते सांगा ना बाई. कोनीकडं गेला?"

आवाज मोठा. पाहुणीबाई मान वाकडी करून पाहू लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दबक्या आवाजात म्हटलं, "काका, आमचं नाक कापायला आलात का? आम्ही काही भुकेले नाही तुमच्या शेंगांचे. दर रविवारी हा तमाशा. जा आता."

काकांनी डबा उंबऱ्यावर ठेवला. कायदा मोडून ठेवला. मी तो उचलून आत वळले आणि पाहुण्यांना हसून सांगितलं, "शेजारचे आहेत. जरा सटकलेले. मनावर घेऊ नका."

पाहुणे हसले. मागं पाहिलं तर काका अजून पायरीवरच होते, चपलेचा अंगठा शोधत. त्यांनी ऐकलं होतं. मान वर न करता ते सायकलीवर टांग टाकून निघून गेले.

मी तो डबा पाहुण्यांसमोर नेला नाही. काळा, कडा वाकलेला. आणि नुसतं लपवून माझं समाधान होईना. मागच्या दारानं गेले आणि अख्खी ब्याकशेंग गाईच्या गव्हाणीत उलटी केली. वरचा खरपूस थर तसाच्या तसा पडला. तेव्हा मला फार बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

आठच्या आत दिलीप मागच्या दारानं घरात आले. हातात आइस्क्रीम नव्हतं. डोळे लाल. थेट पाहुण्यांसमोर जाऊन बसले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "माफ करा. मी एसटी स्टँडवर बसलो होतो. तुम्ही कामाचं विचारणार, अन तोंडावर खोटं बोलणं मले जमत नाही. तीन महिने झाले, माझं काम सुटलं. घरी बी कोणाले माहीत नाही."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला की नाही, आठवत नाही.

मुलाचे वडील म्हणाले, "बापू, आमच्याकडं तरी कोणतं सोनं पिकून राह्यलं? माहा पोरगा दोन वर्ष घरीच होता. आता कुठं लागला. तुम्ही लपवलं असतं तं राग आला असता." त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. संगीताचं लग्न तिथंच जमलं.

पाहुणे गेल्यावर दिलीपनी सगळं सांगितलं. तीन महिने ते रोज डबा घेऊन काकांकडे जात होते. पहिल्या दिवशी काकांनीच त्यांना स्टँडवर नुसतं बसलेलं पाहिलं आणि "शेंगा मोडू लाग चाल" म्हणून घरी नेलं. दिवसभर त्यांच्या मागच्या अंगणात काहीबाही दुरुस्त करायचे, दुपारी डबा खायचे, काका डबा घासून द्यायचे. मला सांगायचा दिलीपना धीर होत नव्हता.

"का?" मी विचारलं.

"तू शाळेत काकाची नक्कल करतेस म्हणे. सगळी गल्ली सांगते. मले वाटलं, माझी बी करशील."

मी उठून पाहुण्यांच्या कपबशा गोळा करू लागले.

घरात सगळ्यांसोबत जेवायला बसलं की घास उतरत नाही, असं दिलीपनी काकांना एकदा सांगितलं होतं. त्यानंतरच्या रविवारपासून ब्याकशेंग दर खेपेला आमच्याकडंच येऊ लागली. हजेरी सगळ्यांची व्हायची, पण पाहायचं असायचं एकाच माणसाला. आणि त्या संध्याकाळी तो माणूस ताटावर नाही म्हटल्यावर काका शिव्या खाऊन, सायकल हाणत गावभर त्याला शोधत फिरले होते. डबलसीट आणून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घासून त्यांच्याकडं गेले. ते चुलीपाशी उकिडवे बसून कोरडी भाकर आणि ठेचा खात होते.

"तुम्ही स्वतःसाठी ठेवत नाही, काका?"

"एकट्याची जमत नाही. मले सहा जणाचंच माप येते." आई, वडील, बायको, दोन पोरं आणि ते, असं त्यांचं घर होतं. तिघं वारले, पोरं सुरतेला गेली. "कमी टाकून पाह्यलं एकदा. जळून गेली."

मी म्हटलं, "काका, कालची शेंग..."

"खाल्ली ना सगळ्यांनी?" त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "झालं तं मंग."

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

पुढं दीडेक वर्ष दर रविवारी डबा येतच राहिला. दिलीपना एका दुकानात काम मिळालं. मी दारातच कबूल करावं असं पन्नासदा ठरवलं, पन्नासदा हात पोळून घेतला आणि गप्प बसले. मग थोरला मुलगा येऊन काकांना सुरतेला घेऊन गेला. तिथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भट्टी कुठली, सून गॅसजवळ जाऊ देत नव्हती.

काकांना सुरतेला जाऊन दोनेक महिने झाले, तेव्हा मी दिलीपना म्हटलं, "काकांशी मी फार वाईट वागले. बरं झालं, निदान गाईचं तरी त्यांना कळलं नाही."

दिलीपनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "आम्ही दोघं मागच्याच दारानं आलतो. गव्हाण पाह्यली काकानं. डबा बी बाजूलेच पडून होता. मले म्हणे, तिले सांगजो नको मी पाह्यलं म्हणून. पोरगी शरमेनं मरून जाईन."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चौकातल्या एसटीडी बूथवर गेले आणि सुरतेचा नंबर लावला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फोन होता. काकांना बोलावून आणेपर्यंत मी काय बोलायचं ते मनात घोकत होते.

"कोन? मास्तरीनबाई? आजी बऱ्या हायत? दिलीप? संगीता सासरी खुश हाय ना?"

"सगळे बरे आहेत. काका, पाहुणे आले होते ना पुसदचे, त्या दिवशी मी..."

"कोनते पाहुणे?"

"काका, ती ब्याकशेंग मी..."

"मले काही आठवत नाही, पोरी," ते म्हणाले. पोरी असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. "वय झालं आता. इथं बोलाले बी कोनी नाही, तं मांगचं सारं विसरून राह्यलो मी."

मी पदर तोंडाला लावला. तिकडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. फोन ठेवायची त्यांनाही घाई नव्हती.

"रडू नको," ते म्हणाले. "अन पुढच्या आठवड्यात बी लावजो फोन. याच टायमाले. मी खाली येऊन बसतो."

मी रिसीव्हर ठेवला. काचेबाहेर दोन माणसं त्यांच्या पाळीची वाट पाहत उभी होती. त्यातली एक आमच्याच शाळेची बाई, माझ्या नकलांना सगळ्यांत जास्त हसणारी. मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत, त्यांच्याकडं पाठ करून तशीच उभी राहिले.