हिरेमठअण्णांची मागची सीट

हिरेमठअण्णांचे दात माझ्या हातात आले तेव्हा आमची ओळख होऊन आठवडाही झाला नव्हता.

जानेवारीतली संध्याकाळ. गड्ड्याची जत्रा भरलेली. होम मैदानावर धूळ, भोंग्यांचा कलकलाट आणि तळणीचा वास. मी नुकताच बदली होऊन सोलापूरला आलेला, आणि नव्या माणसाला जत्रा दाखवायची म्हणून ऑफिसातली मंडळी मला घेऊन आलेली. ‘कोलंबस’पाशी, म्हणजे त्या मागेपुढे झुलणाऱ्या अवाढव्य नावेपाशी आलो, तसे आमचे वरिष्ठ लिपिक गुरुनाथ हिरेमठ एकदम थांबले. त्यांनी चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मग शांतपणे वरची कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“धरा जरा, कांबळे,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “मागं लई फेकतंय.”

आणि गेले. नाव झुलायला लागली. पोरी किंचाळत होत्या, कॉलेजची पोरं हात वर करून शिट्ट्या मारत होती, एक बाई देवाचं नाव घेत होती. शेवटच्या रांगेत, अगदी टोकाला, अण्णा बसले होते. तोंडावर रेघ हलत नव्हती. कुणाच्या तरी मातीला आलेल्या माणसासारखा चेहरा. नाव आभाळात गेली तरी तसाच, खाली आली तरी तसाच.

उतरले, कवळी घेतली, बसवली. मी विचारलं, “कसं वाटलं, अण्णा?”

त्यांनी तळहात माझ्यासमोर धरला. “आत्ता बोलू नका. सांडंल.”

मला वाटलं यांना उलटी होणार, म्हणून मी चटकन बाजूला झालो. पण अण्णा ओठ हलवत, स्वतःशीच काही पुटपुटत, गर्दीतून वाट काढत निघून गेले. चहाला थांबले नाहीत. “ते असेच आहेत,” बाकीचे म्हणाले. “पाळण्यातनं उतरले की तडक घरी.”

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, ऑफिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही. पण राग क्वचितच यायचा, तसंच हसूही. साहेबांच्या मुलाच्या लग्नात ते पंगतीला असे बसले होते, की वाढप्यानं त्यांना हळूच विचारलं, “काका, काही झालंय का?” आयुष्यात त्यांना एकाच गोष्टीत रस होता, ती म्हणजे वरून खाली पडणं. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, कुठल्यातरी पार्कातला रोलर कोस्टर, काहीही. बाकी जगही ते त्याच मापानं मोजत. कलेक्टर कचेरीतल्या लिफ्टला ते ‘बेचव’ म्हणत. गावाकडे जाताना एसटीत मुद्दाम शेवटच्या बाकावर बसत. “अक्कलकोटच्या पुढं रस्ता बरा हाय,” ते म्हणत, म्हणजे वाईट आहे. एका साहेबाची अचानक बदली झाली तेव्हा सगळं ऑफिस हळहळलं. अण्णा एवढंच म्हणाले, “चढताना लई हळू चढलावता. उतार असाच येतो.” आणि कुठल्याही पाळण्याविषयी त्यांचा एकच प्रश्न असे, “पोटात कळ येती का?”

या बाबतीत त्यांना गावात एकच तोलामोलाचा माणूस होता. ऑफिससमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा बशीरभाई. बशीरभाई पहिल्या सीटचा माणूस. दुपारच्या चहाला दोघांची रोज जुंपायची.

“सर, आगे बैठनेका,” बशीरभाई कपातला चहा बशीत ओतत म्हणायचा. “सामने कुछ नैं रैता, खाली आसमान. पीछे बैठके क्या दिखताय? लोगां के मुंडियाँ!”

“बघायला जायचं असंल तर पिक्चरला जा,” अण्णा म्हणायचे. “पुढचा डबा उतारावर हळू जातो. मागचे डबे अजून चढावरच असतात की. पण तेच पुढचे डबे मागच्याला असं वढून घेतात, की बुड सीटवर राहत न्हाय. यप्पा! पडायचं तर मागं बसून पडावं.”

“गिरनेका इत्ता शौक है तो मेरे दुकान की सीढ़ी से गिरो. फुकट में.”

मी या भांडणाचा कायमचा पंच. मला स्वतःला गच्चीच्या कठड्याशीसुद्धा गरगरतं, त्यामुळे दोघांनाही मी निःपक्षपाती वाटत असे.

एका वर्षी हा वाद मिटवायचाच म्हणून दोघं हैदराबादकडच्या एका पार्कात जाऊन आले. एकदा पुढे बसायचं, एकदा मागे, आणि मग काय ते ठरवायचं. परत आल्यावर अण्णा चहाला आले, पण त्या विषयावर अवाक्षर नाही. बशीरभाईही गप्प. मी दुकानात गेलो तेव्हा त्यानं ड्रॉवरमधून एक फोटो काढला. अशा पार्कांत उतारावर आपोआप फोटो निघतो आणि बाहेर विकायला ठेवतात, त्यातला. पुढच्या सीटवर बशीरभाई, तोंड उघडं, केस उभे, आनंदात. शेजारी अण्णा. डोळे घट्ट मिटलेले, बोळकं तोंड आत ओढलेलं, आणि दोन्ही हातांनी बशीरभाईचं मनगट असं धरलेलं, की पोहायला न येणाऱ्यानं विहिरीची दोरी धरावी.

“ये आदमी डरताय, कांबळे साब,” बशीरभाई हळू आवाजात म्हणाला. “बहोत डरताय. उतरे तो पाँवां थरथर काँप रए थे. फिर बी बोले, चलो, अब पीछे. मैं बोला नक्को सर, जाने दो. नैं सुने.” त्यानं फोटो परत ड्रॉवरमध्ये ठेवला. “दुकान में लगानेवाला था. नैं लगाया.”

मला काही उलगडेना. भ्यायला होतं तर माणूस जातो कशाला? आणि तेही वर्षानुवर्षं? अण्णांना विचारायची सोय नव्हती.

पुढच्या जत्रेत ते कोलंबसमधून उतरले आणि दोन पावलं टाकून खालीच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. लोक जमले, कुणी पाणी दिलं. मी दवाखान्यात चला म्हणालो, तर मान हलवून “घर, घर” एवढंच. शेवटी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी त्यांच्या घरी नेलं. इतक्या वर्षांत मी त्या घरी गेलो नव्हतो, कुणीच गेलं नव्हतं. वाटेत मी दोनदा काही बोलायला गेलो, दोन्ही वेळा पाठीमागून आवाज आला, “सांडंल.”

दार ढकललं तर समोरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी खाट. खाटेवर निर्मलावहिनी. कमरेपासून खाली पांघरूण, आणि त्या पांघरुणाखाली काही हलत नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालून उतरताना जिन्यावरून पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून पाय गेलेले. अण्णांनी याबद्दल ऑफिसात कधी चकार शब्द काढला नव्हता.

नवऱ्याचा रंग बघून वहिनी घाबरतील असं मला वाटलं. त्यांनी नीट निरखून बघितलं, आणि विचारलं, “कुटली शीट?”

“मागची,” अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. “टोकाची.”

“मग ठीक हाय. सांगा.”

आणि अण्णा सांगायला लागले. वर्षभर ऑफिसात जितकं बोलत नसतील तितकं एका दमात. नाव कशी कुरकुरली, शेजारच्या पोरानं कशी आईला हाक मारली, वर गेल्यावर वारा कसा कानात शिरला. दोन्ही हातांनी नाव करून ते हवेत झुलवत होते. वहिनी मधेच अडवत होत्या. “वर गेल्यावर थांबल्यागत वाटलं का न्हाय? एक क्षण? तितंच तर खरं हाय सगळं. ते सांगा.” अण्णा डोळे बारीक करून आठवत आणि सांगत. पुटपुटत घरी यायचे ते यासाठी. वाटेत कुणाशी बोललं तर एखादी गोष्ट निसटेल म्हणून.

“आणि वरनं काय दिसलं?” वहिनींनी विचारलं.

“आपलं घर दिसलं की,” अण्णा म्हणाले. “ही खिडकी दिसली. दिवा लागलावता.”

“व्हय? मग हात करायचा की.”

“केला,” अण्णा म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

वहिनींनी मला जवळ बोलावलं. “तुमी त्यांच्या हाफिसातले?” मी हो म्हणालो. त्या बाहेर बोट दाखवून म्हणाल्या, “ती समोरची बिल्डिंग बघा. ती झाल्यापासनं माझ्या खाटेवर ऊन येत न्हाय. ती मधी असताना मैदानावरनं माझी खिडकी दिसंल व्हय? डोळे मिटून बसतात ते. मला म्हाईत हाय.”

मी त्या बिल्डिंगीकडे बघितलं.

“लग्न झालं तवा आमी हितं जत्रेला आलतो,” त्या म्हणाल्या. “मला पाळण्याचं लई येड. आन् हे खाली उभे, माझ्या चपला हातात धरून. वर बघायची सुदिक भीती वाटायची. मी वरनं वरडायची, या की वो! ह्यांचं आपलं एकच, ब्याडा, ब्याडा. नको म्हणजे नकोच. आन् मी पडल्यावर पयल्या जत्रेला एकटेच गेले, न सांगता. आले ते शर्टावर वकून आले. म्हणले, निर्मला, मी बसलो, तुला सांगतो.” त्या जरा थांबल्या. “नगा जाऊ म्हणलं तर कसं व्हायचं? दिसभर घरात दुसरं बोलायचं काय? औषध घेतलं का, आन् झोपली का. त्यापरीस हे बरं. खोटं सांगत्यात थोडं. म्या काय बोलत न्हाय.”

अण्णा चहा घेऊन आले. त्यांनी वहिनींच्या पाठीशी उशी लावली, बशीत चहा ओतून फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठाला लावली. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल पडलेला पाहिला.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. वहिनींची तब्येत उतरत गेली. पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. नंतर नंतर त्या बहुतेक वेळ ग्लानीतच असत. अण्णा रजा टाकून घरीच बसले. एकदा गेलो तर खाटेजवळ खुर्ची ओढून ते बोलत होते, आणि वहिनींचे डोळे बंद होते. कुठल्याच जत्रेचे दिवस नव्हते. ते पाळण्याचं सांगत नव्हते. गल्लीत पाण्याचा टँकर कसा आला, कुणाची घागर कशी फुटली, हे सांगत होते. हात हवेत तसेच चालू. उन्हाळ्यातच वहिनी गेल्या.

मैंदर्गीला माती झाली. बशीरभाई आला होता. परतीच्या बसमध्ये तो आणि मी शेजारी होतो. अक्कलकोट मागे पडलं. मग म्हणाला, “इनो मेरेकू कबी नैं बोले, कांबळे साब. इत्ते साल चाय पिए.”

अण्णा कामावर परत आले. काम पूर्वीसारखंच चोख. फक्त कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला जास्त वेळ लागायचा, जणू प्रश्न लांबून चालत येतोय. जानेवारी आला. ऑफिसच्या खिडकीतून मैदानावरचा आकाशपाळणा चढताना दिसू लागला, आधी सांगाडा, मग खुर्च्या, मग दिवे. अण्णांनी शिपायाला बोलावून आपलं टेबल फिरवून घेतलं. आता त्यांची पाठ खिडकीकडे. चहाला बशीरभाई यायचा, समोर बसायचा. सीटचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. जत्रा संपली. पाळणा उतरला. टेबल तसंच राहिलं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लोखंडी खाट कुणाला तरी देऊन टाकली होती. तिच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं, आणि अण्णा खोलीतून जाताना तेवढ्या जागेला वळसा घालून जात होते. मी बसलो.

“अण्णा,” मी म्हणालो, “आज काय केलंत? सांगा की.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला, हे दिसत होतं. “बाजारात गेलतो,” ते म्हणाले. “मेथी आणली.” मग हात थोडे वर उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. “मेथीच. दुसरं काय न्हाय.”

ते उठून आत गेले. मीही मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी गॅसवर आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “तुमीच सांगा काय तरी. पोरगी कशी हाय तुमची?”

सांगण्यासारखं काही विशेष नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला झाड केलं होतं. नाचणाऱ्या मुलींच्या मागे हातात फांद्या घेऊन नुसतं उभं राहायचं. तर ऐन नाचात हिच्या नाकाला फांदीचं पान लागायला लागलं, आणि झाडानं हलायचं नाही असं बाईंनी बजावलेलं. मी सांगत गेलो. चहा उतू जायला लागला. अण्णांनी गॅस बंद केला, हातात पकड घेतली, पण भांडं उचललं नाही. तसेच माझ्याकडे वळून उभे राहिले.

“मग?” ते म्हणाले. “शिंकली का?”