पापलेट मोजणारे भोईरसाहेब

भोईरसाहेब मासे मोजून घेतात. नग मोजत नाहीत, लांबी मोजतात. खिशातून लाकडी फूटपट्टी काढायची, पापलेट पाटीच्या कडेला आडवं ठेवायचं, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावायची आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचायचा. तो जरासा कमी भरला, की न्यायाधीशाला शोभेल अशा थंडपणे सांगायचं, "आदेशात बसत नाही."

कर्जतच्या मच्छीबाजारात हे दर रविवारी चालतं. कर्जतला समुद्र नाही. समुद्राचा आमच्याशी संबंध येतो तो उरणकडून सकाळी येणाऱ्या टेंपोपुरता. पण साहेब मूळचे इथलेच, दहिवलीचे, भातशेतीवाल्या घरातले. नोकरी मात्र लागली मत्स्यखात्यात, आणि किनाऱ्यावरच्या एका बंदरात परवाना अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. कोणता मासा किती लांबीच्या आत धरायचा नाही, याचा सरकारी आदेश त्यांना अजून तोंडपाठ आहे. आता ते दहिवलीत आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. आमची भिंत एक आहे.

समुद्राशी त्यांचं नातं संपूर्णपणे कागदी होतं. गस्ती नौकेवर ते एकदाच गेले. बंदर दिसेनासं होण्याआधीच त्यांना ज्या उलट्या सुरू झाल्या, त्या परत धक्क्यावर पाय टेकेपर्यंत. त्यानंतर त्यांनी समुद्राचा कारभार खुर्चीतूनच पाहिला. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसत नसे. जप्त केलेल्या जाळ्यांचं गोदाम दिसे.

"बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचं कार्यक्षेत्र. पुढचं केंद्राचं," असं ते मला अनेकदा समजावतात.

"आणि मासा इकडून तिकडे गेला तर?"

"माशाने काय करावं ते आदेशात नाही," ते म्हणतात. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. हा विनोद असतो की खुलासा, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

जून-जुलैत समुद्रात मासेमारीबंदी असते. ही बंदी साहेब आमच्या सोसायटीतही लागू करतात. मे संपता संपता सूचना फलकावर त्यांच्या अक्षरात एक कागद लागतो: 'मासळीच्या प्रजननाचा काळ असल्याने रहिवाशांनी सहकार्य करावे.' त्याखाली दुधाच्या बिलाची सूचना असते आणि लोक तेवढीच वाचतात. एक ऑगस्टला मात्र साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाजारात जातात. बघणाऱ्याला वाटावं, झेंडावंदनाला निघालेत.

डोंगरावरच्या वाडीतली एक बाई नदीचे खेकडे घेऊन बाजाराच्या दाराशी बसते. एकदा तिने चेष्टेने एक खेकडा साहेबांपुढे धरला. "हा पन मोजा की."

"गोड्या पाण्यातलं माझ्याकडे नाही," साहेब म्हणाले आणि खेकड्याला वाट देऊन पुढे गेले.

त्यांचा सगळा मुक्काम हिराबाईच्या पाटीपुढे. हिराबाई म्हणजे उरणकडच्या त्या टेंपोतून येणारी साठीची मासेवाली. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जातो. साहेबांनी पट्टी काढली, की ती कोयता थांबवते.

"आला माजा जावय. बसा मापं काढीत."

"हिराबाई, हे पोर आहे. याला एकदा तरी अंडी घालू द्या, मग खा."

"आता मेलेलं काय अंडी घालनार, सायेब?"

"पुढचं घालेल. तुम्ही घेतलं नाही तर आडत्या आणणार नाही. आडत्याने आणलं नाही तर बोटवाला धरणार नाही."

"आनि मी घेतलं नाय तर बाजूची घेल. तिला सांगा ना. ती तरनी हाय, तिच्याकडं जात नाय तुमी."

हे असं पाऊण तास. शेवटी साहेब आदेशात बसणारं एक पापलेट घेऊन घरी येत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बिनसलं. मीही तेव्हा मासे घ्यायला तिथेच होतो. एक फार्महाउसवाले गृहस्थ मोठ्या गाडीतून उतरले. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. त्यांनी हिराबाईची पापलेटांची आख्खी पाटी बोटाने दाखवली आणि म्हणाले, "सगळी द्या." साहेबांनी पट्टी काढली. एकेक मासा मोजून कमी भरलेले ते उजवीकडे ठेवू लागले. डावीकडे काहीच जाईना. मग त्यांनी त्या गृहस्थांना शांतपणे सांगितलं, "ही सगळी अल्पवयीन आहेत."

गृहस्थ आधी हसले, मग घाबरले, आणि शेजारच्या पाटीवर गेले. तिथे तेवढीच पापलेटं होती. त्यांनी ती घेतली.

हिराबाई ओरडली नाही, तेव्हाच मला धोका कळला. "सायेब, आजपासून माज्या पाटीपुढं उभं ऱ्हायचं नाय."

"लेखी द्या," साहेब सवयीने म्हणाले.

"कोयत्यानं लिवू?"

साहेबांनी पट्टी खिशात ठेवली आणि निघाले. वाटेत मला म्हणाले, "तोंडी असला तरी आदेश आहे."

पुढचे दोन रविवार ते बाजारात आले, पण मच्छीच्या ओळीत गेले नाहीत. समोर भाजीवाल्याकडे पडवळाला पट्टी लावताना दिसले.

"पडवळाचा पन नियम निघाला का, सायेब?" भाजीवाल्याने विचारलं.

"नाही हो. हाताला सवय आहे."

तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. मी खालापूरला एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो, त्यामुळे टपालाचं महत्त्व मला कळतं असा त्यांचा समज आहे. त्यांनी माझ्या हातात एक लिफाफा दिला. "हिराबाईंना पोचता करा. त्यांना वाचता येत नाही. आपणच वाचून दाखवा. काही गाळू नका."

मी बाजारात गेलो. हिराबाई सुरमईचे तुकडे करत होती. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो:

'प्रति, श्रीमती हिराबाई, मच्छीविक्रेत्या. विषय: पाटीपुढे उभे राहण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: आपला तोंडी आदेश.'

शेजारची तरणी मासेवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आवरेना. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढल्या, त्यांचा हा अर्ज बिनचूक होता. मी पुढे वाचलं:

'महोदया, अर्जदार यापुढे आपल्या गिऱ्हाइकांशी बोलणार नाही, फक्त आपल्याशीच बोलेल. अर्जदाराची पत्नी हयात नाही. मुलगी परदेशी असते. सोमवार ते शनिवार अर्जदारास कोणाशी बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. प्रत माहितीसाठी: शेजारी.'

शेजारी म्हणजे मी. रोज सकाळी जिन्यात 'काय साहेब, बरं ना?' असं विचारून उत्तराची वाट न पाहता खाली उतरणारा.

हिराबाईचा कोयता थांबला होता. "ते सोमवारचं परत वाच रं."

मी परत वाचलं.

"बाई कवा गेली त्याची?"

"इथे राहायला आले त्याच्या आधीच."

तिने कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, "मला सई येत नाय. आंगठा चालंल?"

चालतो म्हणालो. तिने सुरमईवरून उचललेला अंगठा तसाच कागदावर दाबला. मी तो कागद साहेबांना नेऊन दिला. अंगठ्याच्या ठशात एक खवला चिकटला होता. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, खवला पाहिला, आणि कागद फायलीत लावला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे बरोबरच गेलो. हल्ली आम्ही बरोबर जातो. हिराबाईच्या पाटीत ताटाएवढी पापलेटं होती, एकेक बघत राहावं अशी, आणि सगळ्यांत वर एकच तळहाताएवढं. साहेबांची नजर थेट तिथे गेली. पट्टी निघाली, चष्मा कपाळावर गेला.

"आदेशात बसत नाही, हिराबाई."

"बसतंय. तुमची पट्टी झिजली."

"लाकूड झिजलं तरी आकडे झिजत नाहीत."

"मग उलटं मोजा. शेपटीकडनं."

साहेबांनी शेपटीकडून मोजलं. वाद चांगला तासभर चालला. तेवढ्या वेळात मी हिराबाईच्या मासे कापायच्या पाटाकडे पाहिलं. कडेला कोयत्याच्या दोन खाचा होत्या, जुन्या, काळ्या पडलेल्या. त्यांच्यातलं अंतर साहेबांच्या मापाएवढंच दिसत होतं.

साहेब एक ताटाएवढं पापलेट घेऊन पुढे निघाले. स्वारी खूश होती. हिराबाईने ते छोटं पापलेट उचललं आणि बाजूला बर्फात ठेवलं. घरात बायको आणि मी दोघंच, आम्हाला तेवढं पुरेल म्हणून मी विचारलं, "हे केवढ्याला दिलं?"

"ते इकायला नाय," ती म्हणाली. "ते सायबाला मोजाया हाय."