धुराड्याची टोपी आणि खंडोबाचं भरीत

यंदा चंपाषष्ठीचं भरीत खऱ्या आगीवरच होणार, असं कांचनने दिवाळीतच जाहीर करून टाकलं. आषाढापासून तिने वांग्याला हात लावला नव्हता. गेल्या वर्षीची वांगी तिने ओव्हनमध्ये भाजली होती आणि शुभाकाकू दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या होत्या, "छान आहे हो, पण उकडल्यासारखं लागतंय." ते वाक्य कांचन वर्षभर उशाशी घेऊन झोपली होती.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्यांच्या बैठ्या घरात फायरप्लेस होती, पण बारा वर्षांत तिच्यात फक्त गणपतीची आरास झाली होती. धुराडं साफ करणारा माणूस येऊन गेला. सगळं ठीक आहे, म्हणाला, फक्त वरची टोपी वाऱ्याने उडालीये. ती बसवल्याशिवाय आग लावू नका, रकूनसारखी जनावरं आत उतरतील. बसवायला तो जानेवारीत येणार होता. खंडोबा जानेवारीपर्यंत थांबणार नव्हता.

मग कांचन स्वतःच शिडीवर चढली. नवरा नरेंद्र खाली शिडी धरून, कंपनीच्या इन्शुरन्समध्ये काय काय बसतं ते आठवत उभा राहिला. ब्लाउजच्या टेपने तिने धुराड्याचं तोंड मापलं. दुकानात जाऊन एकेक टोपी उलटी केली, बोटांनी ठोकून पाहिली, हातावर तोलली. कुकर घेताना हेच करतात, आणि तिचा कुकर वीस वर्षं टिकला होता. शेवटी स्टीलची, चहूबाजूंनी जाळी असलेली, वजनदार टोपी आली. शनिवारी तिने चार स्क्रू असे आवळले की टोपी हलवायची तर घर हलवावं लागलं असतं.

टोपीवर जाड प्लास्टिकचं आवरण होतं. ते तिने तसंच राहू दिलं. बर्फात चकाकी जाते. नरेंद्रने खालून पाहिलं आणि त्यालाही ते बरोबरच वाटलं. या घरात टीव्हीचा रिमोट सहा वर्षं पिशवीत होता.

चंपाषष्ठीला सकाळी दहाला तिने लाकडं पेटवली, पाच वांग्यांना तेल लावून निखाऱ्यांशी ठेवलं. धूर वर गेला, वरचं बघून आला आणि बैठकीत येऊन बसला.

"आई, इज धिस नॉर्मल?" ऋताने जिन्यावरून विचारलं. ती तळघरातून वर येत होती, पण वरचं घर तिला दिसत नव्हतं.

सुरुवातीला असं होतं, असं कांचनने ठणकावून सांगितलं. तेवढ्यात अलार्म वाजला. नरेंद्र पोळपाटाने वारा घालू लागला, त्यामुळे धूर बेडरूममध्येही पोचला. अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला होता. आठव्या मिनिटाला लाल गाडी दारात उभी राहिली आणि सहा जण उतरले. घरातली माणसं अंगणात आली. कांचन चिमट्यासह आणि परातीत पाच अर्धकच्ची वांगी घेऊन आली. ती ठेवून ये म्हणण्याची हिंमत कोणी केली नाही.

एक उंच जवान छपरावर गेला आणि भुरकट, चुरगळलेलं प्लास्टिक घेऊन खाली आला. स्टिकर अजून शाबूत होता.

"मॅम, हे काढलं का नाहीत?"

"टोपी खराब होऊ नये म्हणून," कांचन म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या टोपीकडे, जिचा जन्मच ऊनपावसात उभं राहण्यासाठी झाला होता. मग म्हणाला, धूर नीट वर जातोय का ते बघायला दहा-पंधरा मिनिटं आग चालू ठेवावी लागेल, आम्ही थांबतो.

कांचनने परात उचलली.

बाराला नैवेद्य झाला. एकला पाहुणे उघड्या खिडक्यांच्या घरात कोट घालून जेवायला बसले. शुभाकाकूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. कांचन वाढायचं विसरून उभी राहिली.

"याला म्हणतात भरीत," काकू म्हणाल्या. "एअर फ्रायर कुठल्या कंपनीचा घेतलास गं?"

नरेंद्रने तोंड उघडलं. कांचनने त्यात रोडगा कोंबला.

"मोठा आहे, काकू," ती म्हणाली. "चालवायला सहा माणसं लागतात."