वोंडोचा सहावा अँप्लिफायर

शनिवारी सकाळी सुवोंडो तोंड धुऊन स्वयंपाकघरात आला, कपाटावरच्या रिकाम्या जागेकडे त्याची नजर गेली आणि तो ओरडलाच.

"लास्मी, इथला डबा कुठाय?"

"कुठला?"

"बिस्किटांचा. लाल, चौकोनी."

"रेंगिनांगचा होय! काल संध्याकाळी शेजारच्या इबु मुर्तींना दिला. त्यांना सभेला न्यायला काहीतरी हवं होतं."

"रेंगिनांगचा नव्हता तो!"

"बिस्किटांच्या लाल डब्यात रेंगिनांग नसतं तर काय असतं, मास? बिस्किटं?" त्याच्या बायकोने, लास्मीने, कढईवरून मान वर न करता विचारलं.

तिचं काही चुकत नव्हतं. मलांगमध्ये कुठल्याही घरी जा, फळीवर असा एक डबा असतोच. त्यातली बिस्किटं एखाद्या ईदला संपलेली असतात आणि तेव्हापासून आत चिकट तांदळाच्या तळलेल्या कुरकुरीत चकत्या, म्हणजे रेंगिनांग, मुक्कामाला असतं. त्यामुळे तो डबा उघडून बघायची कुणाला गरजच वाटत नाही. सुवोंडोने गुरुवारी त्यातलं रेंगिनांग गुपचूप प्लास्टिकच्या बादलीत ओतलं होतं आणि बादली पलंगाखाली सरकवून दिली होती. आता डब्यात होता त्याचा सहावा अँप्लिफायर, हेडफोन आणि तारांसकट.

सुवोंडोचा धंदा कवळ्या बनवण्याचा. वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं. पण जीव अडकला होता हेडफोनच्या अँप्लिफायरमध्ये. मोबाइलला थेट हेडफोन लावून गाणं ऐकणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं, असं त्याचं मत. मधे चांगला अँप्लिफायर हवा, आणि तो स्वतःच्या हाताने बनवलेला हवा. सुरबायात असे वेड लागलेल्यांचं एक मंडळ होतं. दर तीन महिन्यांनी रविवारी सगळे आपापली पेटी घेऊन जमत, आणि शेवटी कोह लियांग प्रत्येकाचं यंत्र ऐकत. कोह लियांगांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

सुवोंडोचे पाचही अँप्लिफायर त्यांनी ऐकले होते. पाचव्याच्या वेळी डोळे मिटून म्हणाले होते, "छान आहे. आता तो पंखा बंद कर."

"पंखा सुरू नाहीये, कोह."

"मग तुझ्या पेटीतच असेल."

मंडळ पोट धरून हसलं होतं. सुवोंडोही हसला. त्यानंतर दीड वर्षं त्याने त्या गुणगुणीचा पिच्छा पुरवला. ऐंशी ट्रान्झिस्टर मोजून त्यातले आठ जुळे निवडले. अर्थिंगच्या साऱ्या तारा एकाच स्क्रूवर आणल्या. मग अॅल्युमिनियमची पेटी बनवायला टाकली, तर कारागिराने सगळी भोकं आरशात बघून पाडल्यासारखी उलट्या बाजूला पाडून पाठवली. मंडळाच्या रविवारला तीनच दिवस राहिलेले. समोर दिसला बिस्किटांचा डबा. पोलादी पत्र्याचा, मापाला अगदी बरोबर. मध्ये जाड पत्र्याचा आडोसा घालून त्याने ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात कोंडला, बटण आणि सॉकेट मागच्या बाजूला बसवले, म्हणजे पुढचं चित्र शाबूत राहिलं, आणि कानाला हेडफोन लावला. काहीच नाही. एवढं काहीच नाही की त्याने तीनदा जाऊन प्लग लावलाय का ते पाहिलं. प्लग लावलेला होता. गुणगुण गेली होती. सुवोंडो तसाच शांतता ऐकत बसला.

आणि आता ती शांतता कुणीतरी चहाबरोबर खायला नेली होती.

तो चपला उलटसुलट घालून इबु मुर्तींकडे धावला.

"डबा? तो तर मी वस्तीप्रमुखांकडे ठेवला, गटारसफाईच्या सभेत," इबु मुर्ती म्हणाल्या. "केवढा जड हो! मी म्हटलं, लास्मीने यंदा मन मोठं केलं."

"उघडला का कुणी?"

"मी कशाला उघडू? आत काय आहे ते मला ठाऊक नाही का?"

वस्तीप्रमुख अंगणात पक्ष्याचा पिंजरा धूत होते. "होता की. दोन तास टेबलावर होता. पण लोक भिडस्त. पहिला हात कोण घालणार? शेवटी तसाच उरला. मग म्हटलं, म्बाह कार्सोंचा पाय मोडलाय, त्यांना भेट म्हणून पाठवू."

"बापाक, त्यांच्या तोंडात एक दात नाही! रेंगिनांग कसं चावतील?"

"वा! कवळी तुम्हीच बनवून दिलीत ना?" वस्तीप्रमुखांनी डोळे बारीक केले. "की ती चावायच्या कामाची नाही?"

सुवोंडो सायकलवर बसला आणि वाटेत नको नको ते मनात आणत गेला. म्हाताऱ्याने चहा सांडला असेल. ट्रान्झिस्टर चावून बघितला असेल. उद्या मंडळात रिकाम्या हाताने जायचं, आणि सांगायचं काय, तर अँप्लिफायर खाऊ म्हणून वाटला?

दारातच म्बाह कार्सोंची नात वेनिंग भेटली. तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, मास वोंडो. आजोबा वाजवतायत."

"पाय मोडलाय ना त्यांचा?"

"हात कुठे मोडलेत?"

म्बाह कार्सो म्हणजे एके काळचे नावाजलेले केंडांगवादक. गमेलान या वाद्यवृंदाच्या ताफ्यात वीस-वीस वाद्यं असतात, पण त्यांना चालवतो तो केंडांगचा ढोल. आता वय एक्क्याऐंशी. पाय प्लास्टरमध्ये उंच टांगलेला, डोक्यावर सुवोंडोचा हेडफोन, डोळे मिटलेले, आणि दोन्ही तळवे उशीवर थापा मारतायत. बाजूच्या स्टुलावर लाल डबा. त्याच्या पोटातून निघालेली एक तार भिंतीत गेलेली, दुसरी वेनिंगच्या मोबाइलमध्ये.

"डबा उघडला तर हे निघालं," वेनिंग कुजबुजली. "मला वाटलं, तुम्ही आजोबांसाठी मुद्दाम पाठवलंत. त्यांच्या ताफ्याची एकच कॅसेट निघाली होती, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. कुणीतरी ती इंटरनेटवर चढवलीये. तिची पहिली बाजू लावून दिली. पहाटेपासून काढायलाच तयार नाहीत."

तेवढ्यात म्हाताऱ्याने डोळे उघडले. "वोंडो! ये, ये! तुझ्या बायकोचं रेंगिनांग फार छान झालंय!"

"म्बाह, त्याचं काय झालंय... जरा घोटाळा झालाय. डबा चुकून..."

"काय?" म्हाताऱ्याने एक कान मोकळा केला. "अरे, दीड महिना मी छताकडे बघत पडलोय. छतावर अकरा डाग आहेत. आज सगळा ताफा माझ्या खोलीत येऊन बसला. सारोनवाला तिथे, गेंदेरवाला इथे, गाणारी बाई त्या कपाटापाशी. त्यांना उठवू म्हणतोस?"

सुवोंडोने कपाटाकडे पाहिलं. तिथे खरंच कुणी बसलं असावं असं त्याला वाटलं. डबा मागायचं सोडून तो म्हणाला, "नाही, म्बाह. बसू द्या."

बाहेर ओसरीवर येऊन त्याने सुरबायाला फोन लावला. "कोह, मी उद्या येत नाही."

"पुन्हा गुणगुणतोय?"

"गुणगुण गेली. पण अँप्लिफायर एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आहे आणि तो उतरवायचा मला धीर होत नाही." मग त्याने सगळं सांगितलं.

"केंडांगवाले कार्सो? ते आहेत अजून?"

"आहेत. उशी वाजवतायत."

"पत्ता पाठव," कोह लियांग म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी दहाला म्बाह कार्सोंच्या दारात एक व्हॅन उभी राहिली. कोह लियांगांसह मंडळाचे चौघे उतरले, प्रत्येकाच्या छातीशी एकेक पेटी. कोह लियांगांची शिसवी पेटी तर पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधून आणलेली, आणि ते स्वतः मागे दाटीवाटीने बसून आलेले. कोह लियांग घाबरलेले सुवोंडोने प्रथमच पाहिले. सदरा इस्त्रीचा, केसांना तेल, एखाद्या मुलीला मागणी घालायला आल्यासारखे.

"म्बाह," ते वाकून म्हणाले, "तुमची कॅसेट मी झिजवून टाकली होती. आज आमच्या यंत्रांवर ऐकाल का? कुठलं बरं, ते तुम्हीच सांगा. एवढी वर्षं तर मीच सांगत आलोय."

म्हाताऱ्याला काय, हवंच होतं. वेनिंगने उशा लावल्या, मोबाइलवर कॅसेटची दुसरी बाजू काढली, लास्मीने घरच्या पलंगाखालची बादली शोधून आणून तिच्यातलं रेंगिनांग ताटात मांडलं आणि नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकून तीही भिंतीला टेकून उभी राहिली.

पहिल्या यंत्रावर म्हातारा म्हणाला, "गाणाऱ्या बाईला सर्दी झालीये." दुसऱ्यावर, "गाँग कुणी स्वयंपाकघरात नेला?" तिसऱ्याला म्हणाला, "हे बरंय," आणि त्याचा मालक तेवढ्यावरच लाल झाला. मग कोह लियांगांची शिसवी पेटी लागली. म्हातारा शेवटपर्यंत हलला नाही. हेडफोन काढला तेव्हा डोळे ओले होते.

"काय वाजवायचो मी! मखमल रे, नुसती मखमल!"

कोह लियांगांनी श्वास सोडला. सुवोंडो मनात म्हणाला, झालं, आता माझा डबा लावायचा तरी कशाला? पण वेनिंगने लावला. गाणं सुरू झालं. म्हाताऱ्याचे हात उशीवर चालू लागले. चालता चालता मधेच थांबले. चेहरा पडला. "मागे घे," तो नातीला म्हणाला. तिने मागे घेतलं. "पुन्हा घे." चार वेळा तोच तुकडा ऐकून त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सुवोंडोला स्वतःचं काळीज ऐकू येत होतं आणि त्यात तेवढी गुणगुण सोडून सगळं होतं.

"काय बिघडलं, म्बाह?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या फेरीला मी घाई केलीये," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "फेरी संपवणाऱ्या गाँगच्या आधीच पोचलोय, आणि झाकायला एक थाप जास्त मारलीये. सगळ्यांच्या यंत्रांत गाँगच्या घुमण्याखाली ती बुडते. ह्याच्यात चोख ऐकू येते."

त्याने मांडीवरचा हेडफोन बाजूला सारला.

"आणि मी सगळ्यांना सांगत आलो की आमच्या गाँगवाल्या सादिकुनचा गाँग उशिरा पडला. त्याच्यापायी दुसरी कॅसेट निघाली नाही म्हणून सांगत आलो. पंचेचाळीस वर्षं! दर ईदला त्याचा ब्लितारहून फोन येतो आणि मी झोपल्याचं सोंग घेतो."

कोह लियांगांनी न विचारता हेडफोन उचलला, तो तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला. मग आपल्या शिसवी पेटीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं एखाद्या लाडक्या पण खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं. "आहे," ते म्हणाले. "थाप आहे. वोंडो, तुझ्या जोडणीचा कागद मला देशील का?"

सुवोंडोने मान डोलावली. लास्मीने पदर असता तर डोळ्याला लावला असता. तिने रेंगिनांगचा तुकडा तोंडात टाकला आणि नेमका त्या शांततेत तो कडाडकन मोडला.

"वेनिंग, सादिकुनला फोन लाव," म्हातारा म्हणाला. "आणि स्पीकरवर ठेव. माझी काय शोभा व्हायची ती सगळ्यांसमोर होऊ दे."

फोन लागला. म्बाह कार्सोंनी एका दमात सगळं सांगून टाकलं: घाई, जास्तीची थाप, खोटा आरोप. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती, सादिकुन. मला आत्ता कळलं."

पलीकडून एक खरखरीत, आनंदी आवाज आला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. सगळ्या ताफ्याला कळलं होतं, कार्सो. फक्त तुलाच सांगितलं नव्हतं."

"का नाही सांगितलं, गाढवांनो?"

"ट्रक तुझ्या काकाचा होता ना! स्टुडिओत भांडलो असतो तर रात्रीचे वीस जण गाँग डोक्यावर घेऊन घरी चालत गेलो असतो का?"

कोह लियांग सगळ्यात आधी हसले. मग खोलीला आवरच राहिला नाही. म्बाह कार्सो इतके हसले की कवळी निसटली, आणि सुवोंडोने ती सराईतपणे हवेतच झेलली.

"पण ऐक," फोनमधला आवाज म्हणाला, "ते यंत्र घेऊन इकडे ये. माझा गाँग वेळेवर पडलेला मला एकदा माझ्या कानांनी ऐकायचाय."

म्हाताऱ्याने टांगलेल्या पायाकडे पाहिलं, मग कोह लियांगांकडे. कोह लियांग उठले, बाहेर गेले आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवरचा पट्टा मोकळा करून सीट जेवढी जाईल तेवढी मागे ढकलू लागले.